डॉ. जिल बुयॉन यांचे शोधनिबंध: ल्युपस, गर्भारपण आणि बाळाचं हृदय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रक्ताच्या रिपोर्टवर ‘अँटी-रो’ ही अँटीबॉडी ‘पॉझिटिव्ह’ छापून येते आणि घरात बाळाचा विचार चालू असतो. मग रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर शोधाशोध सुरू होते. त्या शोधात एक नाव पुन्हा पुन्हा समोर येतं: न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोनमधल्या डॉ. जिल बुयॉन. ल्युपससारखा ऑटोइम्यून आजार (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) असलेल्या बाईचं गर्भारपण या विषयात त्यांनी तीसहून अधिक वर्षं घालवली आहेत. त्यांच्या निबंधांबद्दल पेशंट, नातेवाईक आणि एमडीचे विद्यार्थी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी वैद्यकीय ग्रंथालयात काम करते. उपचार सांगणं माझं काम नाही, पण निबंध कसा वाचायचा हे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

डॉ. बुयॉन स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत का?

नाही, त्या संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट आहेत. त्यामुळेच त्यांच्या निबंधांवर सहलेखकांची रांग लांबलचक असते. पीटर इझमर्ली हे त्यांच्याच विभागातले, डेबोरा फ्रीडमन बालहृदयरोगतज्ज्ञ, रॉबर्ट क्लॅन्सी प्रयोगशाळेतले, मिमी किम संख्याशास्त्राच्या. शिवाय जेन सॅमन, मिशेल पेट्री, मायकेल लॉकशिन हे ल्युपसमधले मोठे लोक आहेतच. अँटी-रो असलेल्या गर्भवतीचा प्रश्न एका विभागात मावतच नाही. आपल्याकडे अशी बाई फाईल घेऊन संधिवाताच्या ओपीडीतून स्त्रीरोगाच्या ओपीडीत जाते, तिथून फीटल इकोला (पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीला), आणि प्रत्येक ठिकाणी ‘ते डॉक्टर काय म्हणाले?’ हाच प्रश्न ऐकते. ही सगळी माणसं एका निबंधावर एकत्र सही करतात, हे मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

यादी फार मोठी आहे. सुरुवात कुठून करू?

पबमेडवर (वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर) नाव टाकून यादी तारखेनुसार लावली की सगळ्यात नवा निबंध सगळ्यात वर येतो. तिथून सुरुवात केली तर गोंधळ होतो, कारण नवा निबंध जुन्या दहा निबंधांच्या खांद्यावर उभा असतो. आधी बाळाच्या हृदयाचा धागा धरा (अवतरणातली नावं ही त्या त्या अभ्यासाची लघुनावं आहेत): १९९८ चा रजिस्ट्रीचा, म्हणजे देशभरच्या नोंदवहीचा निबंध, २००८ चा ‘प्राइड’, २०१० चा ‘पिच’, २०१२ ची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीबद्दलची जुन्या नोंदींवरची पाहणी आणि २०२० चा ‘पॅच’. हे पाच याच क्रमाने वाचले की बावीस वर्षांत एकच प्रश्न कसा पुढे सरकला ते दिसतं. आईच्या तब्येतीचा धागा वेगळा आहे, त्यात २००५ ची ‘सेलेना’ आणि २०१५ चा ‘प्रॉमिसे’ येतात.

अँटी-रो म्हणजे नेमकं काय, आणि त्याचा बाळाशी काय संबंध?

शरीर जंतूंविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. ल्युपस किंवा शोग्रेनसारख्या (डोळे-तोंड कोरडं पाडणाऱ्या) ऑटोइम्यून आजारांत काही अँटीबॉडी आपल्याच पेशींमधल्या प्रथिनांना चिकटतात. रो आणि ला ही अशा दोन प्रथिनांची नावं. त्यांना चिकटणाऱ्या अँटीबॉडी आयजीजी प्रकारच्या असल्याने वारेतून बाळात जातात. पोटातल्या बाळाच्या हृदयात वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे ठोक्याचा संदेश नेणारं जे वायरिंग असतं, तिथे सूज येऊन व्रण पडला तर संदेश अडतो आणि ठोके मंदावतात. हाच जन्मजात हार्ट ब्लॉक. बहुतेक वेळा तो १८ ते २४ आठवड्यांच्या सुमारास होतो. आईच्या या अँटीबॉडींशी त्याचा संबंध आहे हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘किती जणींना, कधी, आणि पुन्हा होतं का’ याची उत्तरं मिळायला मात्र पुढची पंधरा वर्षं लागली.

१९९८ च्या निबंधात एवढं काय आहे?

त्यात मोजणी आहे, आणि या आजारात मोजणी करणं अतिशय अवघड होतं. एका हॉस्पिटलात वर्षानुवर्षांत अशी दोन-चार बाळं दिसतात, आणि दोन-चार बाळांवरून कुठल्याच आईला धड काही सांगता येत नाही. म्हणून १९९४ मध्ये अमेरिकेत नवजात ल्युपसची (आईच्या या अँटीबॉडींमुळे बाळाला होणाऱ्या आजाराची) राष्ट्रीय रजिस्ट्री सुरू झाली. देशभरातल्या कुटुंबांनी आपली कागदपत्रं आणि रक्ताचे नमुने त्यात दिले.

त्या नोंदींतून १०५ आया आणि त्यांची ११३ बाळं यांचा हिशेब मांडला गेला. पुरेशी कागदपत्रं असलेल्या गर्भारपणांपैकी ८२ टक्क्यांमध्ये हार्ट ब्लॉक ३० व्या आठवड्याच्या आत सापडला होता, मध्यक २३ वा आठवडा. ११३ पैकी २२ बाळं दगावली. जिवंत जन्मलेल्या १०७ पैकी ६७ बाळांना पेसमेकर बसवावा लागला. आणि ज्या बाईला असं एक बाळ झालं होतं तिच्या नंतरच्या ४९ गर्भारपणांपैकी ८ मध्ये तेच पुन्हा घडलं, म्हणजे १६ टक्के.

वाचताना हे आकडे जड जातात, मलाही जातात. पण यापूर्वी अशा आईला ‘पुढच्या वेळी काय होईल?’ याचं उत्तर अंदाजानेच मिळत होतं. आज सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर ‘१८ व्या आठवड्यापासून लक्ष ठेवू’ म्हणतात, त्यामागे या १०५ आयांच्या कुटुंबांनी उघड केलेलं दुःख आहे.

माझं पहिलंच गर्भारपण आहे आणि अँटी-रो पॉझिटिव्ह आहे. धोका १६ टक्के का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. आधी असं बाळ झालेलं नसेल तर अँटी-रो असलेल्या बाईमध्ये हार्ट ब्लॉकचा धोका साधारण २ टक्के सांगितला जातो. म्हणजे शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याण्णव जणींच्या बाळाचं हृदय या बाबतीत ठीक असतं. आधी असं बाळ होऊन गेलं असेल तर धोका १६ ते २० टक्क्यांच्या घरात जातो. कुठलाही निबंध उघडला की आधी हे बघा: त्यातल्या बायका तुमच्यासारख्या होत्या का? वर सांगितलेले ‘पिच’ आणि ‘पॅच’ आधी बाधित बाळ होऊन गेलेल्या आयांबद्दल आहेत.

मला स्वतःला काहीच त्रास नाही. सांधे दुखत नाहीत, चट्टे नाहीत. तरी हे लागू होतं?

होतं. रजिस्ट्रीतल्या बऱ्याच आया अशाच होत्या. बाळाचे ठोके मंद सापडले, म्हणून आईचं रक्त तपासलं आणि तेव्हा कुठे अँटी-रो कळलं. त्यातल्या काहींना पुढे शोग्रेन किंवा ल्युपसची लक्षणं आली, काहींना आली नाहीत. म्हणून बाळंतपणानंतर फाईल माळ्यावर टाकू नका, संधिवाततज्ज्ञांकडे जात राहा.

लॅबच्या रिपोर्टवर रो-५२ आणि एसएस-ए असं वेगवेगळं आहे, पुढे दोन-तीन अधिकची चिन्हं आहेत. ते कसं वाचायचं?

आपल्याकडच्या एएनए प्रोफाईलच्या (अशा अँटीबॉडींच्या रक्ततपासणीच्या) पट्टीवर साधारणपणे ६० किलोडाल्टन वजनाचा रो ‘एसएस-ए’ म्हणून, ५२ चा रो वेगळा आणि ला ‘एसएस-बी’ म्हणून येतो. अधिकच्या चिन्हांवरून पट्टी किती गडद उमटली एवढं कळतं, अँटीबॉडीचं मोजलेलं प्रमाण कळत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बुयॉन यांच्या अलीकडच्या ‘स्टॉप ब्लॉक’ या कामात अँटीबॉडीचं प्रमाण जितकं जास्त तितका धोका जास्त असं दिसलं, आणि तिथे प्रमाण आकड्यात मोजलं होतं. तेव्हा ‘माझे तीन प्लस, तिचे दोन’ अशी तुलना करून घाबरू नका.

जे प्रयोग फसले त्यांचे निबंध वाचून काय मिळणार?

माझ्या मते या सगळ्या कामात तेच आधी वाचावेत. एखाद्या संशोधकाच्या यादीत फक्त यशाचे निबंध असतील तर मला ती यादी अपुरी वाटते.

‘प्राइड’चं घ्या. कल्पना साधी होती: पूर्ण हार्ट ब्लॉक होण्याआधी संदेश जरा रेंगाळायला लागत असेल. दर आठवड्याला फीटल इको करून तो रेंगाळलेला वेळ मोजायचा आणि तेवढ्यातच औषध देऊन पुढचा अनर्थ टाळायचा. ९८ गर्भारपणं पाहिली. तीन बाळांना पूर्ण ब्लॉक झाला, आणि तिघांपैकी एकाच्याही आधीच्या इकोमध्ये संदेश रेंगाळल्याचं सापडलं नव्हतं. दोघांमध्ये मधल्या दोन तपासण्यांत आठवड्याहून जास्त अंतर पडलं होतं. पूर्ण ब्लॉक झाल्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तरी तो उलटला नाही.

हे अपयश होतं. पण त्यातूनच कळलं की हे सगळं दिवसांत, कदाचित तासांत घडतं आणि आठवड्यातून एकदा बघणं पुरत नाही. त्यानंतरच घरच्या घरी बाळाचे ठोके ऐकण्याची पद्धत पुढे आली. ‘स्टॉप ब्लॉक’मध्ये बालहृदयरोगतज्ज्ञ बेटिना क्युनियो यांच्याबरोबर हेच तपासलं: आईच्या हातात लहान डॉप्लर द्यायचा, धोक्याच्या आठवड्यांत तिने दिवसातून काही वेळा ठोके ऐकायचे, आणि अनियमित वाटले की ताबडतोब इको करायचा. ‘प्राइड’ वाचला नाही तर हा पुढचा प्रयोग का झाला तेच समजत नाही.

दुसरा ‘पिच’. इंट्राव्हेनस इम्युनोग्लोब्युलिन हे महागडं औषध आईला दिलं तर बाळाकडे जाणाऱ्या अँटीबॉडी अडतील अशी आशा होती. किलोमागे ४०० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, १२ व्या ते २४ व्या आठवड्यापर्यंत. वीस आया झाल्या आणि त्यातल्या तीन बाळांना हार्ट ब्लॉक झाला. ‘एवढे झाले तर थांबायचं’ ही मर्यादा आधीच ठरवलेली होती. ती गाठली गेली आणि प्रयोग थांबवला. युरोपातही त्याच सुमाराला तशाच डोसने तसंच दिसलं. २०१० मध्ये हे सगळं छापून आलं. आज कोणी तुम्हाला याच कारणासाठी, याच डोसमध्ये ही इंजेक्शनं सुचवली, तर हा निबंध पुढे ठेवून ‘यापेक्षा आपण काय वेगळं करतोय?’ असं नम्रपणे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्या इंजेक्शनांपायी दागिने गहाण पडतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मग उपयोग कशाचा झाला?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा, म्हणजे पेशंट ज्याला ‘एचसीक्यू’ म्हणतात त्या जुन्या, स्वस्त गोळीचा.

आधी जुन्या नोंदी पाहिल्या गेल्या. अमेरिका, इंग्लंड आणि फ्रान्समधल्या, आधी बाधित बाळ झालेल्या आयांची २५७ गर्भारपणं. ज्या ४० मध्ये ही गोळी चालू होती तिथे ३ बाळांना, म्हणजे ७.५ टक्के, पुन्हा त्रास झाला. ज्या २१७ मध्ये गोळी नव्हती तिथे ४६ बाळांना, म्हणजे २१.२ टक्के. हे २०१२ चं. पण अशा पाहणीत एक शंका राहतेच: गोळी घेणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असतील तर?

म्हणून ‘पॅच’ हा पुढे बघत जाणारा प्रयोग झाला. आधी बाधित बाळ झालेल्या आया, दहाव्या आठवड्याच्या आत रोज ४०० मिलिग्रॅम सुरू, आणि मग वाट बघायची. ही गोळी शरीरात सावकाश साठते, म्हणून लवकर सुरू करणं गरजेचं. ५४ पैकी ४ बाळांना हार्ट ब्लॉक झाला, ७.४ टक्के. तुलनेला धरलेला जुना दर १८ टक्के होता.

यातली एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. मध्येच नऊ आयांना दुसरी औषधंही दिली गेली, कोणाला स्टेरॉइड तर कोणाला इम्युनोग्लोब्युलिन. मग निकाल नक्की कशामुळे लागला? संशोधकांनी नऊ नव्या आया घेतल्या, तोच शिस्तीचा कार्यक्रम पाळला आणि निव्वळ एचसीक्यूवर असलेल्यांचा वेगळा हिशेब केला. तिथेही ५४ पैकी ४. या शिस्तीमुळे माझा या निबंधावर विश्वास आहे.

कमतरताही सांगायला हवी. यात साखरेची गोळी घेणारा दुसरा गट नव्हता, तुलना जुन्या दराशी होती. एवढ्या दुर्मीळ आजारात, आधी एक बाळ गमावलेल्या आईला ‘तुला कदाचित नुसती साखरेची गोळी मिळेल’ म्हणणं किती कठीण आहे ते समजू शकतं. पण निष्कर्षाचं वजन ठरवताना ही गोष्ट लक्षात ठेवायची.

मग अँटी-रो असलेल्या प्रत्येकीने रोज ४०० मिलिग्रॅम घ्यावं का?

स्वतःहून अजिबात नको. ‘पॅच’ फक्त आधी बाधित बाळ झालेल्या आयांवर झाला. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शनात अँटी-रो असलेल्या सगळ्याच गर्भवतींना ही गोळी सुचवलेली आहे, पण सशर्त. ल्युपस असलेल्या बहुतेक जणींना ती गर्भारपणातही चालूच ठेवायला सांगतात, मनाने बंद करणं जास्त धोक्याचं.

डोसबद्दल एक बारीक गोष्ट. डोळ्यांच्या पडद्याचा विचार करून दीर्घकाळ घेणाऱ्यांसाठी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. ५० किलो वजनाच्या बाईला ४०० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ८ होतात. काही महिन्यांच्या गर्भारपणाचा हिशेब आणि वर्षानुवर्षांचा हिशेब वेगळा असतो, तो तुमच्या डॉक्टरांनी करायचा. तुम्ही वजन, मूत्रपिंडाचे रिपोर्ट आणि डोळ्यांची तपासणी कधी झाली ते सांगा.

मार्च २०२० मध्ये कोविडसाठी हेच औषध सुचवलं गेलं, शेड्यूल एच-१ चे (चिठ्ठीशिवाय न विकण्याचे) निर्बंध आले, आणि ल्युपसच्या पेशंटना एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडावं लागलं. ‘पॅच’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ज्या गोळीसाठी झुंबड उडाली होती तिची खरी गरज कोणाला आहे, हे त्यात लिहिलेलं होतं.

बाळाला कोवळ्या उन्हात धरायचं असं सासूबाई म्हणतात. अँटी-रो असताना चालेल?

आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. नवजात ल्युपसमध्ये काही बाळांना चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांभोवती लालसर चट्टे उठतात आणि ऊन लागलं की ते वाढतात. कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवल्यावरही ते दिसू शकतात. आईच्या अँटीबॉडी सहा-आठ महिन्यांत बाळाच्या रक्तातून निघून जातात आणि चट्टेही जातात. पूर्ण हार्ट ब्लॉक मात्र जात नाही. सासूबाईंना समजावताना ‘ऊन वाईट’ असं न म्हणता ‘या बाळाला सहा महिने जपायचंय’ असं सांगितलं तर पटतं, असा अनुभव पुष्कळ जणी सांगतात.

‘ल्युपस आहे, मूल होऊ देऊ नका’ असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. आता काय म्हणतात?

सरसकट तसं म्हणायला आता आधार नाही. २०१५ चा ‘प्रॉमिसे’ वाचा, पहिलं नाव बुयॉन यांचं आणि शेवटचं जेन सॅमन यांचं. अमेरिका आणि कॅनडामधल्या, ल्युपस शांत किंवा सौम्य असलेल्या ३८५ गर्भवती त्यात होत्या. ८१ टक्के गर्भारपणं मोठ्या गुंतागुंतीविना पार पडली. १९ टक्क्यांत काही ना काही घडलं: गर्भ दगावणं ४ टक्के, नवजात बाळ दगावणं १ टक्का, दिवस भरण्याआधी प्रसूती ९ टक्के, बाळ वजनाने फार लहान १० टक्के. एका बाळाच्या बाबतीत दोन गोष्टीही घडू शकतात, म्हणून बेरीज जुळत नाही. सुरुवातीला कुठलीच धोक्याची खूण नसलेल्यांमध्ये गुंतागुंत ७.८ टक्क्यांवर होती.

पण कोणाला वगळलं होतं तेही वाचा. रोज २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्या, लघवीतून बरंच प्रथिन जाणाऱ्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किंवा रक्तदाब वाढलेल्या बायका यात नव्हत्या. म्हणून डॉक्टर ‘सहा महिने आजार शांत राहू दे, मग बघू’ म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. तुम्हाला त्या ८१ टक्क्यांच्या बाजूला आणायचा तो प्रयत्न असतो. ज्या बायकांना पूर्वी ‘विसरा आता’ एवढंच ऐकावं लागलं त्यांची आठवण येते आणि हा निबंध पन्नास वर्षं आधी हवा होता असं वाटतं.

ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह आहे. हे अँटी-रोसारखंच का?

नाही, वेगळं आहे. ही अँटीफॉस्फोलिपिड गटातली तपासणी. इथे वारेवर परिणाम होतो आणि गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते. ‘प्रॉमिसे’मधूनच २०१२ मध्ये लॉकशिन यांच्या नावाने आलेला निबंध सांगतो की या गटातल्या १४४ गर्भवतींपैकी ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट असलेल्या ३९ टक्के जणींत गंभीर गुंतागुंत झाली, आणि बाकीच्या अँटीबॉडी असूनही हे नसलेल्यांत फक्त ३ टक्के. तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून शिक्का मारून घेऊ नका. किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करतात.

गर्भनिरोधक गोळी चालते का? माला-डी घेऊ का?

‘सेलेना’मधला २००५ चा निबंध याच प्रश्नावर आहे. ल्युपसमध्ये इस्ट्रोजेनची गोळी दिली तर आजार भडकेल अशी भीती होती, म्हणून बायकांना ती सर्रास नाकारली जायची. १८३ जणींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गोळी किंवा साखरेची गोळी दिली. आजार जोरात उसळला तो गोळीवाल्या ९१ पैकी ७ जणींत आणि साखरेच्या गोळीवाल्या ९२ पैकीही ७ जणींत.

मात्र या सगळ्यांचा आजार शांत किंवा स्थिर होता, आणि गुठळ्या झालेल्या किंवा ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट असलेल्या बायकांना घेतलंच नव्हतं. माला-डीमध्येही इस्ट्रोजेन आहे, पण प्रयोगातली गोळी वेगळ्या घडणीची होती. तेव्हा डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणू नका. आणि मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड चालू असेल तर गर्भनिरोधनाचा विषय लाजून टाळू नका, ही औषधं गर्भाला अपाय करतात. नवऱ्यालाही हे माहीत असू द्या.

पाळी गेल्यावरच्या हार्मोनबद्दल काही आहे का?

आहे. ‘सेलेना’मध्येच, त्याच वर्षी, म्हणजे २००५ मध्ये, ३५१ बायकांवर. किरकोळ ते मध्यम उसळ्या थोड्या वाढल्या, गंभीर उसळ्यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

‘पॅच’मध्ये बुयॉन यांचं नाव अगदी शेवटी आहे. म्हणजे त्यांचा वाटा सर्वांत कमी?

उलट. वैद्यकीय निबंधांत प्रत्यक्ष काम पुढे नेणारी व्यक्ती साधारणपणे पहिली असते आणि ज्यांच्या दिग्दर्शनाखाली ते झालं त्या शेवटच्या. ‘पॅच’मध्ये पहिले इझमर्ली, शेवटच्या बुयॉन. ‘प्राइड’ आणि ‘पिच’मध्ये पहिल्या फ्रीडमन. १९९८ च्या निबंधात बुयॉन स्वतः पहिल्या होत्या. पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेपर्यंतचा हा प्रवास पाहिला की त्यांच्या हाताखाली पुढची पिढी उभी राहिल्याचं कळतं.

एकूण निबंध किती, आणि एच-इंडेक्स (निबंधांची संख्या आणि इतरांनी दिलेले त्यांचे संदर्भ यांवरून काढलेला आकडा) किती?

आकडा रोज बदलतो आणि गूगल स्कॉलर, स्कोपस, पबमेड प्रत्येकाचा वेगळा येतो. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे निबंधही मिसळतात. प्रवेशासाठी किंवा बढतीसाठी आकडा लागतो हे मला ठाऊक आहे, पण पेशंटला त्याचा काडीचा उपयोग नाही.

निबंध उघडला की पैसे मागतात. काय करू?

पबमेडच्या पानावर उजवीकडे मोफत पूर्ण मजकुराची खूण आहे का ते आधी बघा. यातलं बरंच काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पैशातून झालंय, आणि तशा निबंधांची प्रत पबमेड सेंट्रलवर फुकट मिळते. मिळाली नाही तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा. सारांश वाचून थांबू नका. कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं हे पद्धतीच्या भागात असतं, सारांशात ते बऱ्याचदा अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं.

आपल्याकडे असं काही होतंय का?

मुंबईत परळला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दोन संस्था आहेत, एक प्रजनन आरोग्याची आणि दुसरी केईएमच्या आवारात रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची. वारंवार गर्भपात आणि रक्त गोठण्याचे दोष यांवर तिथे काम झालेलं आहे. माझी मनापासून इच्छा आहे ती नवजात ल्युपसच्या रजिस्ट्रीची. आपल्याकडेही ही बाळं जन्मतात, त्यांना पेसमेकर बसतात, पण त्यांची कहाणी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये राहते. वर दिलेले आकडे मुख्यतः अमेरिका-युरोपातले आहेत. सोलापूरच्या किंवा पणजीच्या बाईला तिच्यासारख्या बायकांचे आकडे मिळायला हवेत.

हे निबंध डॉक्टरांकडे घेऊन जाऊ का? त्यांना राग येईल का?

गठ्ठा नेऊ नका. एकच निबंध न्या, आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: अँटी-रो आणि ला यांचे निकाल व तारखा, ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट झालं असेल तर ते, आधीच्या बाळाचा ईसीजी किंवा इको, आणि आत्ता कितवा आठवडा चालू आहे. मग विचारा, ‘फीटल इको कधीपासून आणि किती दिवसांनी?’ अमेरिकन मार्गदर्शनात १६-१८ व्या आठवड्यापासून २६ व्यापर्यंत सुचवलंय, आधी बाधित बाळ असेल तर दर आठवड्याला. दिवस गेल्याचं कळल्यावर पहिल्याच भेटीत हे विचारलेलं बरं, कारण गोळी द्यायचं ठरलं तर ती दहाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते.